दिवाबत्तीचा खर्च

लहान संस्थांचे इतिहास आपल्याकडे बहुधा तसबिरींवरून लिहिले जातात. हार घातलेल्या संस्थापकांपासून सुरुवात होते आणि पायाभरणी, रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव अशी स्थानके घेत गाडी विद्यमान अध्यक्षांच्या मनोगतापाशी येऊन थांबते. जमाखर्चाच्या वहीवरून लिहिलेला इतिहास क्वचितच हाती लागतो. मी शिक्षणाने इतिहासाचा नाही. पोटापाण्यासाठी आयुष्यभर हिशेब लिहीत आलो. त्यामुळे एखाद्या संस्थेचा जुना अहवाल मिळाला की माझा हात आधी मागच्या पानांकडे जातो. तिथे ‘दिवाबत्ती’ नावाचे एक खाते असे. रॉकेल, वाती, कंदिलाच्या काचा. रक्कम किरकोळ, पण दर महिन्याला लागणारी. देणगीदाराच्या नावाची पाटी इमारतीवर लागते, कपाटावर लागते, छताच्या पंख्यांच्या पात्यांवरही रंगवलेली आपण पाहतो. रॉकेलवर ती लावता येत नाही. मुलांना आणि अडलेल्या कुटुंबांना आधार देणाऱ्या आपल्या लहान संस्था गेली दीडशे वर्षे कशाशी झुंजत आल्या, हे समजून घ्यायला मला हे खाते फार उपयोगी पडले. दिवाबत्ती, जळण, स्वयंपाकीण, टपाल, रात्री मुलांजवळ झोपणारी बाई: हा रोजचा, न दिसणारा खर्च कोणी सोसला, एवढाच प्रश्न घेऊन हा लेख लिहितो आहे.

सुरुवात १८६३ पासून करू. एका ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्या घटनेने हलून जाऊन जोतीराव फुले यांनी पुण्यात स्वतःच्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ब्राह्मण वस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती लावल्या गेल्या: इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. १८८४ साली सरकारपुढे ठेवलेल्या टिपणात जोतीरावांनी या घराचा हिशेब दिला आहे. तोपर्यंत ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली. बाकीची ३० गेली ती गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांमुळे, असे ते लिहितात.

३५ पैकी ५. आजच्या एखाद्या देणगीदार कंपनीच्या तक्त्यात हा आकडा भरला तर ‘परिणामकारकता’ या रकान्यापुढे काय शेरा पडेल, याचा विचार करून पाहावा. जोतीरावांनी तो आकडा लपवला नाही, सजवलाही नाही. त्यांना तसे करण्याची गरजही नव्हती, कारण घर त्यांचे होते आणि पैसा त्यांचा होता. ठेकेदारीचा व्यवसाय त्यांना होता. बाळंतपणे आणि मुले सांभाळण्याचे काम सावित्रीबाईंकडे होते आणि त्याला पगार नव्हता. संस्था म्हणावी असे तिथे जवळजवळ काहीच नव्हते. याच घरात जन्मलेल्या यशवंतला त्या दोघांनी दत्तक घेतले. या सोयीची दुसरी बाजू अशी, की घरधन्याचा हात आखडला की संस्थेचा हात आखडतो. जोतीरावांच्या अखेरच्या आजारपणात त्यांच्यासाठी मामा परमानंदांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकावा लागला.

पंढरपूरची गोष्ट निराळी. तिथे १८७५ च्या सुमारास लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशांनी अशाच टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम सुरू केला. क्षेत्राच्या ठिकाणी नाव-गाव न सांगता येता येते, म्हणून अडचणीत सापडलेल्या विधवा तिकडे येत. न्यायाधीश म्हणजे बदलीची नोकरी. एका माणसावर विसंबून हे काम टिकले नसते. ते टिकले, कारण मुंबईच्या प्रार्थना समाजाने ते अंगावर घेतले. लगोलग १८७६-७७ चा दुष्काळ आला आणि टाकलेल्या अर्भकांच्या जोडीला उपाशी मुले आली. ही संस्था आजही पंढरपुरात वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने चालते. दीडशे वर्षे चाललेल्या संस्था आपल्याकडे किती आहेत? आणि त्यांतल्या किती जणांची नावे शाळेतल्या पुस्तकात असतात? पंढरपूरच्या आश्रमाच्या वाट्याला प्रसिद्ध संस्थापक आला नाही, पण मागे उभे राहणारे मंडळ आले. माझ्या मते सौदा वाईट झाला नाही.

दुष्काळाबद्दल इथेच सांगून टाकतो. दुष्काळात पैसा येतो. १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने मुलांसाठी धनकवडीला छावणी चालवली ती लोकांच्या मदतीवरच. पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती सदन वाढले ते १८९६-९७ च्या आणि नंतर १८९९-१९०० च्या दुष्काळात. तिथल्या मुली-बायकांची संख्या सुमारे २,००० वर गेली. मात्र पाऊस पडला की वर्तमानपत्रांतल्या बातम्या थांबतात, देणग्या आटतात आणि मुले तिथेच राहतात. सहा वर्षांचे मूल दुष्काळानंतर आणखी दहा-बारा वर्षे जेवते.

रमाबाईंच्या शारदा सदनाने दुसरा एक धडा दिला. १८८९ साली मुंबईत निघालेली आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेली ही संस्था अमेरिकेतल्या मंडळींच्या पैशावर उभी होती. बॉस्टनला त्यासाठी स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे मदतीचे आश्वासन दिले होते. आजच्या भाषेत हा दहा वर्षांचा प्रकल्प. आज कोणी तीन वर्षांचाही सहजी देत नाही. पैशाची अडचण नव्हती तरी १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून सल्लागार मंडळातल्या न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. त्या वादात कोणाचे किती चुकले यावर पुष्कळ लिहून झाले आहे, मी त्यात शिरत नाही. हिशेबाच्या अंगाने पाहता एवढेच दिसते, की लहान संस्थेला दोन पेट्या सांभाळाव्या लागतात, एक पैशाची आणि एक भोवतालच्या लोकांच्या विश्वासाची. आणि एका पेटीतली शिल्लक दुसरीत वळती करता येत नाही.

धोंडो केशव कर्वे हे सगळे जवळून पाहत होते. शारदा सदनातलीच गोदूबाई ही विधवा १८९३ मध्ये त्यांची दुसरी पत्नी झाली. महाराष्ट्र त्यांना आनंदीबाई किंवा बाया म्हणून ओळखतो. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली तेव्हा स्वतःच्या शिलकीतले १,००० रुपये घातले. पुण्यात प्लेग आला आणि १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी ६ एकर जागा आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले होते. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि तास संपले की हिंगण्याची वाट धरत. चार मैलांची ती वाट आणि पावसाळ्यातला तिथला चिखल या गोष्टी त्यांच्या प्रत्येक चरित्रात आहेत. आश्रमाला लागणारे सामानही ते त्या वाटेने नेत. चरित्रकार याला त्याग म्हणतात आणि तो होताच. पण मी हिशेबनीस आहे, मला त्यात वाहतूक खर्च दिसतो. तो वहीत चढला नाही, कारण तो कर्व्यांच्या पायांनी भरला.

न चढलेल्या रकमांत सर्वांत मोठी रक्कम बायांची आहे. विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या माणसाची पत्नी आश्रमात राहू शकत नव्हती. ती पुनर्विवाहित होती. आश्रमाचा पुनर्विवाहाच्या चळवळीशी संबंध आहे अशी शंका जरी आली असती तरी आई-बापांनी मुली पाठवल्या नसत्या आणि वर्गणीदारांनी पाठ फिरवली असती. कर्व्यांनी ती चळवळ आणि आश्रम यांच्यामध्ये जाणूनबुजून भिंत घातली. बाया भिंतीच्या पलीकडे राहिल्या, मुलांना वाढवत, पैशाची ओढाताण सोसत. त्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात हे सगळे स्वच्छ सांगितले आहे, आणि ते कर्व्यांच्या आत्मवृत्ताच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे. एकात संस्थेची जमा आहे, दुसऱ्यात संस्थेचा खर्च.

बायांची बहीण पार्वतीबाई आठवले भिंतीच्या अलीकडे होत्या. बालविधवा नव्हत्या, पण विधवा होत्या, केशवपन झालेल्या होत्या, आणि म्हणूनच जुन्या वळणाच्या घरांतही त्यांना दार उघडत असे. त्यांनी आश्रमात शिकून आश्रमाचेच काम पत्करले आणि मग गावोगाव हिंडून निधी जमवला. परक्या गावात उतरायचे, कोणाच्या तरी ओसरीवर बायकांची सभा भरवायची, बोलायचे, जे मिळेल त्याची पावती फाडायची. १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम, पैसे जेमतेम, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले. निधी जमवणे हे आज एक कौशल्य मानतात, त्याचे अभ्यासक्रम निघाले आहेत. पार्वतीबाईंच्या ‘माझी कहाणी’ मध्ये तो अभ्यासक्रम सगळा आहे, बरोबर उपासमारीचे प्रकरणही आहे.

कार्यकर्त्यांच्या प्रश्नावर कर्व्यांनी काढलेला तोडगा म्हणजे १९०८ साली स्थापन केलेला निष्काम कर्ममठ. आजन्म सेवेची शपथ घेतलेली माणसे संस्थेला मिळावीत, त्यांनी निर्वाहापुरते घ्यावे, असा त्यामागचा विचार. त्या काळाच्या मानाने तो धीट होता आणि त्यातून चांगली माणसे मिळाली. पण त्या शब्दाची सावली फार लांब पडली आहे असे मला वाटते. संस्थेत काम करणाऱ्याने पगाराचे नाव काढू नये, काढले तर तो खरा सेवक नव्हे, ही समजूत आपल्या मध्यमवर्गात अजून घट्ट आहे. मुलांसाठी नवी पुस्तके हवीत म्हटले की पाकीट बाहेर येते; मुलांना सांभाळणाऱ्या ताईंचा पगार वाढवायचा आहे म्हटले की ‘मग सेवा कसली?’ असा प्रश्न येतो. शपथ घेणाऱ्यांची पिढी एकदाच येते. रात्रपाळी रोज असते.

त्याच हिंगण्याने दुसरा एक उपाय शोधला, आणि मला तो मठापेक्षा शहाणपणाचा वाटतो. तो म्हणजे भाऊबीज निधी. दिवाळीच्या सुमाराला पावतीपुस्तके घेऊन बाया घरोघर जायच्या आणि आश्रमातल्या बहिणींसाठी भाऊबीज मागायच्या. यात किती गोष्टी साधल्या ते पाहा. घरात ओवाळणीसाठी पैसा काढलेलाच असतो. रक्कम लहान, म्हणून देणाऱ्याला जड नाही. मागणारी ओळखीची, म्हणून विश्वासाची पेटीही भरते. दिवाळी दर वर्षी येते, म्हणून पुढच्या सालचा अंदाज बांधता येतो. आणि ओवाळणीला अट नसते. बहिणीने त्या पैशाचे काय केले याचा छायाचित्रांसह अहवाल कोणी भाऊ मागत नाही. रॉकेल विकत घ्यायला याहून चांगला पैसा नाही.

याच्या शेजारी सर विठ्ठलदास ठाकरसी यांची १९२० ची १५ लाखांची देणगी ठेवून पाहावी. कर्व्यांनी १९१६ साली काढलेले महिला विद्यापीठ त्या देणगीमुळे उभे राहिले यात शंका नाही. त्याला सर विठ्ठलदासांच्या मातोश्रींचे नाव मिळाले आणि १९३६ मध्ये मुख्य ठाणे मुंबईला गेले. मोठा पैसा संस्थेला मोठे करतो आणि तिची जागाही बदलतो. कर्वे स्वतः मात्र त्याच १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवे मंडळ काढून पुन्हा घरोघर लहान वर्गण्या मागत फिरू लागले होते.

साताऱ्याला भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालू केले, तेव्हा वर्गणीतही फरक पडला. पैशाऐवजी मूठभर धान्य. रयतेच्या घरी रोख कमी आणि धान्य असते, म्हणून मुष्टिफंड. मुले स्वतः स्वयंपाक करत. आणि धान्य संपले त्या दिवशी लक्ष्मीबाईंचा दागिना मोडला गेला. होता होता मंगळसूत्रही गेले. ही गोष्ट व्यासपीठावरून सांगताना वक्त्यांचा गळा दाटून येतो. माझ्या मनात मात्र दर वेळी येते, की त्या वसतिगृहाला मिळालेल्या कोणत्याही अनुदानापेक्षा हे अनुदान आधी मिळाले आणि त्याची पावती फाडली गेली नाही. सावित्रीबाई, बाया, पार्वतीबाई, लक्ष्मीबाई: आपल्या संस्थांचा रोजचा खर्च बऱ्याच अंशी कोणी भागवला, हे या चार नावांत आले.

सरकारी अनुदानाचे काय होते तेही साताऱ्यानेच दाखवले. १९४८ मध्ये राज्यकर्त्यांवर टीका केल्याचे निमित्त होऊन रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबले. गाडगे महाराजांनी बाळासाहेब खेरांकडे रदबदली केली, अनुदान पुन्हा सुरू झाले. रयत तोवर मोठी झाली होती आणि तिच्यासाठी शब्द टाकणारे गाडगेबाबा होते. तालुक्याच्या गावातल्या पंचवीस मुलांच्या बालगृहाला हे दोन्ही नसते.

स्वातंत्र्यानंतर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय उभे राहिले. कायद्याची गरज होती. देवस्थानांच्या आणि धर्मशाळांच्या मालमत्ता गिळणारे विश्वस्त काही कमी नव्हते. मुलांच्या बाबतीत तर देखरेख हवीच. जिथे दाराआड मुले राहतात तिथे कोणीही कधीही आत येऊन पाहू शकले पाहिजे, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक बालगृहाला नोंदणी सक्तीची केली ते योग्यच केले. त्या कायद्याखालच्या नियमांत कर्मचाऱ्यांचा नमुना १०० मुलांची संस्था धरून दिला आहे. पंचवीस मुलांच्या घराने समुपदेशकाचा पाव भाग कसा नेमायचा, हे ज्याचे त्याने पाहायचे.

अलीकडच्या दहा-बारा वर्षांत बदल झाला तो पैशाच्या जातीत. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर घालणे भाग पाडले. मोठी रक्कम बाहेर आली, पण ती प्रकल्पाला मिळते, आणि प्रकल्प आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. मूल आर्थिक वर्षाला बांधलेले नसते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणे बंद झाले. मोठ्या संस्थांमार्फत आडगावच्या लहान संस्थांपर्यंत पोचणारा झरा त्यामुळे आटला. २०२१ पासून प्राप्तिकराची कायमची नोंदणी गेली, दर ५ वर्षांनी नूतनीकरण आले. २०२५ मध्ये लहान न्यासांसाठी ही मुदत १० वर्षे केली, हेही नोंदवले पाहिजे. प्रत्येक नियमामागे कारण आहे. पण सगळे नियम एकाच टेबलावर येऊन पडतात, आणि लहान संस्थेत त्या टेबलापाशी बसलेली बाईच दुपारी मुलांना वाढते आणि संध्याकाळी डॉक्टरकडे नेते. तिचा पगार ‘प्रशासकीय खर्च’ या मथळ्याखाली जातो.

मुलाला संस्थेत आणण्यापेक्षा घरीच ठेवून कुटुंबाला मदत करावी, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे आणि तो बरोबर आहे. आपल्या राज्याची बालसंगोपन योजना त्याच विचाराची. तिला आता सावित्रीबाईंचे नाव आहे आणि मुलामागे महिना २,२५० रुपये ठरले आहेत. पैसे बँकेत जातात, पण ते योग्य घरी जातात की नाही, मूल शाळेत आहे की वीटभट्टीवर, विधवा आईला दिराने घराबाहेर काढले का, हे कळायला कोणीतरी त्या घरी जावे लागते. जाते ती लहान संस्थेची कार्यकर्ती, एस.टी.ने किंवा स्वतःच्या दुचाकीवर. हप्ता रखडला तर आई तिलाच विचारते. या घरभेटींसाठी संस्थेच्या हाती पडणारी रक्कम मुलाच्या रकमेपुढे अगदीच चिमुकली आहे, आणि पेट्रोल तर आजचे रॉकेलच.

असे एक छोटे बालगृह बंद होताना मी जवळून पाहिले. घोटाळा नव्हता, तक्रार नव्हती, इमारत देणगीतून नुकतीच रंगवलेली होती. दोन काळजीवाहिका सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी त्या पगारात कोणी येईना. विश्वस्त सगळे सत्तरीच्या पुढचे. बाल कल्याण समितीने रीतीप्रमाणे मुलांची सोय दुसऱ्या संस्थांत केली, आणि जागा जिथे होत्या तिथेच ती होऊ शकत होती. त्यांतली बरीच मुले अनाथ नव्हती. कोणाची आई ऊसतोडीला जाणारी, कोणाची गावातच धुणीभांडी करणारी. एक बाई दर रविवारी दुपारी कामे उरकून लेकीला भेटायला चालत येत असे, येताना डब्यात काहीतरी असे. तिच्या मुलीला ज्या गावी पाठवले तिथे जायला दोन एस.टी. बदलाव्या लागतात, आणि शेवटची परतीची गाडी साडेचारला सुटते.